हीटरचा ब्लोअर चिरचिरतोय, मोटर बदलू का?

प्रश्न:
माझ्याकडे जुनी टू-सीटर स्पोर्ट्स कार आहे, हीटर लावला की सुरुवातीला चिरचिर आवाज येतो मग पाच मिनिटांनी बंद होतो, आणि हल्ली फॅन फक्त फुल स्पीडलाच चालतो. मोटर गेली का?

उत्तर १:
दोन वेगळ्या गोष्टी आहेत ह्या. फक्त फुल स्पीडलाच चालतोय म्हणजे रेझिस्टर (फॅनचा स्पीड कमी करणारा भाग) उडालाय, कारण बहुतेक जुन्या गाड्यांत फुल स्पीडला करंट रेझिस्टरला बायपास करून थेट मोटरला जातो. चिरचिर मात्र मोटरच्या बुशची (ज्यात मोटरचा शाफ्ट म्हणजे दांडा फिरतो ती कडी). पण घासणारी मोटर जास्त करंट खेचते आणि त्यानेच रेझिस्टर, कनेक्टर तापतात, त्यामुळे नुसता रेझिस्टर टाकलास तर तोही जाईल बघ.

उत्तर २:
+१. आधी बॅटरीची निगेटिव्ह काढ. नवीन मोटर घेताना शाफ्टची जाडी आणि फिरायची दिशा जुन्याशी जुळवून बघ, मी घाईत वायरी उलट्या जोडल्या, फॅन मस्त फिरत होता पण हवा नावालाच, अर्धा दिवस डोकं खाजवत बसलो 😅 आणि फॅनच्या पात्यावर छोटी क्लिप दिसली तर काढू नकोस, बॅलन्ससाठी असते ती.

प्रश्नकर्ता:
उघडली. आत सुकलेली पानं, शाफ्ट हाताने हलतोय आणि कनेक्टरची एक पिन काळी पडलीये.

उत्तर १:
मग मोटर, रेझिस्टर, कनेक्टर तिन्ही बदल. फोमची सीलपण नवीन लाव, जुनी भुगा होऊन परत फॅनमध्येच पडते.