न्यूट्रॉनहून ८५ पट जड असलेला डब्ल्यू कण न्यूट्रॉनमधून येतो कसा?

शंकेखोर

क्षीण आंतरक्रियेबद्दल (निसर्गातल्या चार मूलभूत बलांपैकी एक) वाचताना मी एकाच ठिकाणी वारंवार अडतो आहे. मोकळा न्यूट्रॉन सरासरी ८८० सेकंदांच्या आसपास टिकतो आणि मग त्याचे प्रोटॉन, इलेक्ट्रॉन व प्रतिन्यूट्रिनो यांत रूपांतर होते, इथपर्यंत अडचण नाही. आकृतीत असे दाखवलेले असते की न्यूट्रॉनच्या घटकांपैकी एका डाउन क्वार्कचा अप क्वार्क होतो, त्या वेळी या आंतरक्रियेचा वाहक कण, म्हणजे ऋणभारित डब्ल्यू बोसॉन, बाहेर पडतो आणि त्यापासून इलेक्ट्रॉन व प्रतिन्यूट्रिनो निर्माण होतात. परंतु डब्ल्यूचे वस्तुमान सुमारे ८०.४ जीईव्ही (कणांचे वस्तुमान व ऊर्जा मोजायचे एकक) आणि अख्ख्या न्यूट्रॉनचे ०.९४! ‘अनिश्चिततेच्या तत्त्वामुळे थोड्या वेळापुरती ऊर्जा उसनी घेता येते’ हे स्पष्टीकरण वाचले आहे. पण ऊर्जेच्या अक्षय्यतेच्या ज्या नियमाला अपवाद नाही असे एका प्रकरणात शिकवायचे आणि पुढच्याच प्रकरणात त्यातून पळवाट काढायची, हे मनाला पटत नाही. शिवाय या क्रियेला ‘क्षीण’ म्हणण्यामागे हेच वस्तुमान आहे की काही वेगळे कारण आहे?

बिनतारी

तुमची शंका रास्त आहे, आणि उसनवारीची ती भाषा सोडून दिलेलीच बरी. या क्रियेच्या कोणत्याही टप्प्यावर ऊर्जेचा हिशेब चुकत नाही. ८०.४ जीईव्ही हे वस्तुमान मोकळेपणाने संचार करणाऱ्या डब्ल्यूचे आहे, आणि न्यूट्रॉनच्या क्षयात तसा डब्ल्यू कधी तयारच होत नाही. तिथे असते ते डब्ल्यूच्या क्षेत्राचे किंचित विचलन.

एक टोक शिकंज्यात आवळलेली ताठ पोलादी पट्टी डोळ्यांसमोर आणा. तिच्या नैसर्गिक वारंवारतेने तिला धक्के दिले तर ती स्वतः कंप पावू लागेल. परंतु बोटाने अगदी सावकाश दाबली तर केसभर वाकेल आणि बोट काढताच सरळ होईल. मात्र त्या केसभर वाकण्यानेही पलीकडून टेकवलेला मणी सरकतो. न्यूट्रॉन व प्रोटॉन यांच्या वस्तुमानांतला फरक फक्त १.२९ एमईव्ही (जीईव्हीचा हजारावा भाग) आहे, म्हणजे डब्ल्यूच्या मानाने हा ‘धक्का’ सुमारे साठ हजार पट संथ आहे. क्षेत्र जेमतेम वाकते, आणि तेवढ्यावर पलीकडे इलेक्ट्रॉन व प्रतिन्यूट्रिनो निर्माण होतात. ही केवळ उपमा नाही. सक्तीच्या कंपनांच्या सूत्रात वारंवारतांच्या वर्गांचा जो फरक छेदात येतो, त्याच घडणीची राशी डब्ल्यूच्या सूत्रातही येते. त्यामुळे प्रतिसाद वस्तुमानाच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटतो, तर संभाव्यता चौथ्या घाताच्या.

क्रियेचा पल्ला प्रोटॉनच्या त्रिज्येच्या साधारण साडेतीनशेव्या भागाइतका तोकडा असतो, तोही याच वस्तुमानामुळे.

निळी शाई

नावाविषयी थोडे. ‘नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा’ ही म्हण इथे उलटी करून घ्यावी लागते. डब्ल्यू क्वार्कशी किती जोराने जोडला जातो हे दाखवणारी राशी सुमारे १/३० आहे, तर विद्युतचुंबकीय क्रियेची १/१३७; म्हणजे मुळात ‘क्षीण’ क्रियाच अधिक जोरकस आहे. फर्मींनी १९३४ साली बीटा क्षयाचा सिद्धान्त मांडला तेव्हा चारही कण एकाच बिंदूत भेटतात असे गृहीत धरले होते, आणि पल्ला इतका तोकडा असल्यामुळे ते उत्तम चाललेही. मात्र त्यांच्या त्या इवल्याशा स्थिरांकात मूळचा जोर आणि डब्ल्यूचे प्रचंड वस्तुमान, दोन्ही एकत्र गुंडाळले गेले होते.

याचा पुरावा सर्वांत जड क्वार्क, म्हणजे टॉप क्वार्क, देतो. त्याचे वस्तुमान सुमारे १७३ जीईव्ही, म्हणजे खराखुरा डब्ल्यू निर्माण करायला पुरून उरणारे. पट्टीला योग्य धक्का मिळताच क्षीणपणा नाहीसा होतो: प्रबल आंतरक्रियेला क्वार्क एकत्र बांधून कण घडवायला जेवढा अवधी लागतो, तेवढ्यातही टॉप क्वार्क टिकत नाही.

शंकेखोर

पट्टीच्या उदाहरणाने पहिली गाठ सुटली. परंतु मग म्युऑनचे, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या जड भावंडाचे, काय? तोही डब्ल्यूमार्फतच क्षय पावतो, त्याचे वस्तुमानही डब्ल्यूपुढे नगण्य आहे, आणि तरी तो २.२ मायक्रोसेकंदांत संपतो. त्याच वाटेने जाणाऱ्या न्यूट्रॉनला मात्र पंधरा मिनिटे लागतात.

निळी शाई

फरक हाती उरणाऱ्या ऊर्जेचा आहे. तयार होणाऱ्या कणांना ती ऊर्जा आपापसांत जितक्या प्रकारे वाटून घेता येईल तितका क्षय वेगाने होतो, आणि हा वेग ऊर्जेच्या साधारण पाचव्या घाताने वाढतो. म्युऑनपाशी १०० एमईव्हीहून अधिक ऊर्जा असते, तर न्यूट्रॉनपाशी जेमतेम १.३, आणि तीतलीही ०.५१ इलेक्ट्रॉनच्या वस्तुमानातच जाते. न्यूट्रॉनच्या बाबतीत हा घात काटेकोर लागू पडत नाही, म्हणून पडताळणी त्याच कुळातल्या, आणखी जड टाऊ कणावर करावी. टाऊ म्युऑनच्या १६.८ पट जड आहे. या संख्येचा पाचवा घात सुमारे १३.४ लाख. मग इलेक्ट्रॉनच्या मार्गाने टाऊचा क्षय म्युऑनपेक्षा तितक्या पट वेगाने व्हायला हवा.

शंकेखोर

कागदावर करून पाहिले. २.२ मायक्रोसेकंदांना १३.४ लाखांनी भागल्यावर १.६४ पिकोसेकंद येतात, पण टाऊचे मोजलेले आयुर्मान ०.२९ पिकोसेकंद आहे. जवळजवळ सहा पटींचा फरक पडतो.

बिनतारी

तुमचा भागाकार बरोबर आहे. म्युऑनला जवळपास एकच वाट मोकळी असते. टाऊ मात्र म्युऑनकडे किंवा क्वार्कांपासून बनलेल्या कणांकडेही जाऊ शकतो, आणि इलेक्ट्रॉनच्या वाटेने तो १०० पैकी फक्त १७.८ वेळा जातो. तुमच्या १.६४ ला ०.१७८ ने गुणून पाहा.

शंकेखोर

०.२९ आले.