दोरी दीडशे फुटांवरच हवी: रिमोटच्या हेलिकॉप्टरांच्या प्रात्यक्षिकावरील आक्षेपास उत्तर

कृष्णाकाठ

परवा सांगलीतील एका महाविद्यालयाच्या मैदानावर रिमोटच्या हेलिकॉप्टरांचे प्रात्यक्षिक झाले. त्यावर एका गृहस्थांनी लिहिले की, प्रेक्षकांना दीडशे फुटांवर दोरीमागे उभे करून आयोजकांनी मुलांचा विरस केला, उडवणारा तरबेज असताना एवढे भय बाळगण्याचे कारण नव्हते आणि ड्रोन तर लग्नात वऱ्हाडाच्या डोक्यावरूनच फिरतात. ती दोरी मी बांधली होती, म्हणून उत्तरही मीच देतो.

सातशेच्या, म्हणजे मोठ्या आकाराच्या वर्गातील हेलिकॉप्टर साधारण पाच किलोंचे असते आणि त्याच्या रोटरचा (वर फिरणाऱ्या पात्यांच्या चक्राचा) व्यास दीड मीटरहून थोडा अधिक असतो. रोटर मिनिटाला 2000 फेरे घेत असताना पात्याच्या टोकाचा वेग ताशी सुमारे 600 किलोमीटर होतो. दोनशे ग्रॅमसुद्धा न भरणारे ते कार्बन फायबरचे पाते त्या वेळी आपल्या बोल्टला तीनशे किलोंहून अधिक वजनाइतक्या जोराने बाहेर ओढत असते. तो बोल्ट किंवा पाती धरून ठेवणारा आतला दांडा (फेदरिंग शाफ्ट) तुटला, तर पाते ज्या पातळीत फिरत होते त्याच पातळीत सरळ रेषेत सुटते. म्हणूनच डोळ्यांच्या उंचीवर शांतपणे हॉवर करणारे, म्हणजे एका जागी तरंगणारे हेलिकॉप्टर, जे पाहणाऱ्याला सर्वांत निरुपद्रवी वाटते, ते जवळ उभ्या असलेल्या माणसाच्या दृष्टीने सर्वांत वाईट जागी असते. धातूला आलेला थकवा उडवणाऱ्याच्या कौशल्याने भरून निघत नाही.

ड्रोनशी केलेली तुलनाही चुकीची आहे. आजचा ड्रोन रिमोटवरच्या दांड्या (स्टिक) सोडल्या की जीपीएसच्या आधारे जागच्या जागी थांबतो. हेलिकॉप्टर मात्र स्टिक सोडल्यावर ज्या बाजूला कललेले असेल त्याच बाजूला जात राहते. काही फ्लायबारलेस युनिटांत (हेलिकॉप्टर स्थिर राखणाऱ्या इलेक्ट्रॉनिक उपकरणांत) ते सरळ करणारे रेस्क्यूचे बटण असते, पण ते दाबण्याचे भान उडवणाऱ्याला वेळेत यावे लागते.

मिरजेचा जुना फ्लायर

आपले आकडे मला मान्य आहेत, निष्कर्ष मान्य नाही. मी एनसीसीच्या एअर विंगमध्ये एरोमॉडेलिंग शिकलो. कवलापूरच्या बंद धावपट्टीवर आमच्या शिक्षकांनी विमान माझ्या हातात दिले नसते, तर मी आयुष्यभर या विषयाकडे वळलो नसतो. दीडशे फुटांवरून साडेचारशेच्या, म्हणजे लहान वर्गातले हेलिकॉप्टर चिमणीएवढे दिसते, आणि अशाने पुढची पिढी कशी तयार होणार? मी पंधरा वर्षे लोकांसमोर उडवतो आहे आणि आजवर कोणाला ओरखडाही आलेला नाही. प्रत्येक उड्डाणापूर्वी बॉल लिंक (पात्यांचा कोन बदलणाऱ्या दांड्यांचे सांधे) तपासा, रेंज चेक करा, म्हणजे रिमोटचा सिग्नल दूरवर पोहोचतो का ते पाहा, अंतर मशीनच्या आकारानुसार ठरवा. सरसकट दोरी बांधणे हा विचार टाळण्याचा सोपा मार्ग आहे.

पेठवडगावकर

"आजवर काही झाले नाही" हे वाक्य मीही 2016 पर्यंत म्हणत होतो. माझे यंत्र साडेचारशेचेच, किलोभराहून कमी वजनाचे होते. उतरवल्यानंतर थ्रॉटल होल्ड (मोटर बंद ठेवणारा स्विच) न लावता मी ते उचलायला वाकलो, गळ्यातल्या पट्ट्याला लटकणाऱ्या ट्रान्समीटरची, म्हणजे रिमोटची स्टिक सदऱ्याच्या बाहीत अडकली आणि रोटर फिरला. माझ्या कोपराखाली अकरा टाके पडले. माझा सात वर्षांचा पुतण्या चार फुटांवर उभा होता, कारण त्याला "जवळून" पाहायचे होते आणि मीच त्याला बोलावले होते. त्या दिवसापासून माझा भाऊ माझ्याशी या छंदाबद्दल एक शब्द बोललेला नाही. दादा, आपल्या पंधरा वर्षांबद्दल मला आदर आहे, पण 2013 च्या सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधील एका उद्यानात जो 19 वर्षांचा तरुण स्वतःच्याच हेलिकॉप्टरचे पाते लागून गेला, तोही नवखा नव्हता.

माणदेशी

आपण सर्व जण एका खेळण्यावर एवढे लिहीत आहात, तर मी विचारतो की बैलगाडी शर्यतीला हा न्याय का लावत नाही? सर्वोच्च न्यायालयाने 18 मे 2023 रोजी शर्यतींचा कायदा वैध ठरवला, आणि आमच्या भागात हजारो माणसे धावत्या बैलांपासून हाताच्या अंतरावर उभी असतात. तिथे कोणी दीडशे फुटांची दोरी बांधत नाही. शेतकऱ्याचा खेळ धोक्याचा असला तरी चालतो आणि शहरातल्या मुलांच्या खेळाला मात्र कडेकोट बंदोबस्त, असे आहे का?

मिरजेचा जुना फ्लायर

माणदेशींचा मुद्दा रास्त आहे. शर्यतीच्या घाटात उभे राहणाऱ्याला धोका ठाऊक असतो आणि तो स्वतःच्या जबाबदारीवर उभा राहतो.

माणदेशी

घाट पुणे-जुन्नरकडे असतो. आपल्याकडे त्याला मैदान म्हणतात. पाठिंबा देतानाही शब्द नीट वापरावेत.

पेठवडगावकर

मैदान म्हणा, पण "स्वतःच्या जबाबदारीवर" हे मला पटत नाही. माझ्या मामांनी आयुष्यभर बैल जोपासले. गर्दी दिसली की बैल बिचकतो, त्याला वाट सोडायला नको असते, आणि तरीही तो माणसांत शिरल्याचे मी पाहिले आहे. मामा त्या दिवशी बैलांना नव्हे, तर रेषेवर मुले उभी करणाऱ्यांना बोलले होते. शर्यतीत प्रेक्षकांपुढे कुंपण नसते हा शर्यतीचा दोष आहे. तो हेलिकॉप्टरच्या प्रात्यक्षिकात आणण्याचे कारण नाही. शिवाय गाडीवान स्वतः गाडीवर असतो आणि पहिला मार त्याला बसतो, तर आपण ट्रान्समीटर घेऊन दूर उभे असतो.

माणदेशी

मामांबद्दल आदर ठेवूनही सांगतो की, शर्यतीच्या मैदानाला दोष देणारे बहुतेक लोक तिथे वर्षातून एकदा येतात. पुसेगावच्या यात्रेला येऊन पाहा, मग बोला.

पेठवडगावकर

मी पुसेगावला लहानपणापासून जातो. कृपया माझे गाव आणि माझी मुळे मला शिकवू नका.

कृष्णाकाठ

दोघांनाही विनंती आहे की शर्यतीचा वाद स्वतंत्र ठेवावा, कारण त्यामुळे मूळ प्रश्नातली मुख्य गोष्ट बाजूला पडते आहे. बैल आणि पाते यांतला फरक मात्र विषयाला धरून आहे. बैल येताना दिसतो आणि सावध माणसाला बाजूला होता येते. सुटलेले पाते मीटरमीटरला मंदावते खरे, पण पहिले काही मीटर ते डोळ्यांना दिसतही नाही. अंतर हेच एकमेव असे साधन आहे, जे प्रेक्षकाने काहीही न करता त्याच्या बाजूने काम करते.

मिरजेच्या मित्रांनी आकारानुसार अंतर ठरवण्याचे सुचवले, त्यात तथ्य आहे हे मला मान्य करावे लागते. साडेचारशेसाठी दीडशे फूट जास्त होतात. परंतु परवा साडेचारशेनंतर त्याच जागेवरून सातशेचे उड्डाण होते, आणि मध्येच दोरी मागे सरकवताना गर्दी ऐकत नाही, हा माझा अनुभव आहे. त्यापेक्षाही मला चिंता दुसऱ्या गोष्टीची आहे. त्या दिवशी एका सहभागी मित्राच्या रिसीव्हरचा फेलसेफ (सिग्नल तुटल्यास यंत्राने काय करावे याची आधीची नोंद) तपासला, तेव्हा सिग्नल तुटल्यावर मोटर बंद होण्याऐवजी थ्रॉटल, म्हणजे मोटरचा जोर, त्या क्षणी होता तसाच राहणार होता. त्याने ते दोन वर्षांत एकदाही तपासलेले नव्हते. निवेदकाने माईकवरून "लहान मुलांनी पुढे यावे" असे म्हटले तेव्हा ते यंत्र बॅटरी जोडून जमिनीवर तयार होते.

मिरजेचा जुना फ्लायर

निवेदकाचे हे मला ठाऊक नव्हते. तसे झाले असेल तर तो गंभीर अपराध आहे, आणि त्याचे समर्थन मी करणार नाही. तरीही मुलांना यंत्र जवळून दाखवणे हा कार्यक्रमाचा गाभा आहे, या मतावर मी ठाम आहे.

कृष्णाकाठ

मग तो गाभा उड्डाणांपासून वेगळा करू. शेवटच्या उड्डाणानंतर बॅटरी बाहेर काढून आणि मुख्य पाती उतरवून यंत्रे टेबलावर ठेवावीत, आणि तिथे मुलांनी स्वॉशप्लेट (पात्यांचा कोन बदलणारी चकती) हाताने हलवून पाहावी. उड्डाणाच्या वेळी पायलट दोरीच्या पुढे, पाठ प्रेक्षकांकडे करून उभा राहील, यंत्र दोरीला समांतर फिरेल, गर्दीच्या दिशेने नाक करून येणार नाही आणि डोक्यावरून कधीच जाणार नाही. स्पूल-अपच्या, म्हणजे रोटर वेग घेण्याच्या वेळी त्याच्या पातळीत कोणीही उभे असणार नाही.

मिरजेचा जुना फ्लायर

टेबलाची जबाबदारी माझ्याकडे द्या. साडेचारशेच्या वेळी दोरी शंभर फुटांवर घ्यावी, अशी माझी मागणी कायम आहे.

पेठवडगावकर

शंभरला माझी हरकत नाही, पण पहिल्या उड्डाणापासून शेवटच्या उड्डाणापर्यंत ती एकाच जागी राहिली पाहिजे. आणि सातशे उडणार असेल, तर ती जागा दीडशेचीच असेल.