एकट्याचा धंदा: दिवस कसा पुरवता? (अनुभव धागा)

इंदूरात हाताखाली माणूस न ठेवता धंदा करणाऱ्यांनी लिहावं. सल्ले नकोत, तुमच्याकडे खरंच काय चालतं ते सांगा.

रामबागवाली शिलाई
शिवण्यापेक्षा बोलण्यात वेळ जातो. "ताई, झाला का हो ब्लाउज?" म्हणून फोन आला की मशीन थांबवायचं. आता माप आणि चौकशी दुपारी चार ते सहा, एरवी व्हॉट्सॲप बिझनेसवर ठरलेला निरोप आपोआप जातो: तयार झाला की मीच फोटो पाठवीन. कटिंग सगळ्यांचं एकदम. मग एका रंगाच्या दोऱ्याचे ब्लाउज लागोपाठ, म्हणजे रीळ-बॉबिन सारखं बदलावं लागत नाही. हुक, काज, तुरपाई रात्री टीव्हीसमोर. देवउठनी ग्यारस झाली की लग्नाचे मुहूर्त लागतात, तेव्हा मात्र नवीन कापड घेतच नाही. नातेवाईक रुसतात. रुसू देत.

डबेवाली काकू
चार ते सहा कापडाला चालतं गं, पोटाला नाही! माझ्याकडे एकच नियम: उद्याचा डबा हवा-नको ते आज रात्री नऊच्या आत कळवा. भाजी तेव्हाच चिरून ठेवते, कणीक मात्र सकाळीच.

लोकमान्य नगरचा किराणा
सियागंजची (घाऊक बाजाराची) फेरी आठवड्यातून एकदाच, मधे संपलं ते संपलं. जीएसटीत मी कंपोझिशनमध्ये आहे, म्हणजे उलाढालीवर ठरावीक टक्के कर भरायची छोट्या धंद्यांची सोपी योजना (व्यापाऱ्याला 1.5 कोटींपर्यंतच्या उलाढालीला मिळते). त्यामुळे महिन्याची रिटर्न नाहीत. तिमाही संपली की पुढच्या महिन्याच्या 18 तारखेपर्यंत सीएमपी-08 हा कराचा फॉर्म भरायचा. त्यासाठी रोजची विक्री रोज रात्री वहीत उतरवतो, शटर पाडल्यावर, गल्ला मोजतानाच. उधारी वेगळ्या वहीत. उधारीवाले अगदी गर्दीतच "माझं किती झालं?" विचारतात, त्यांना सांगतो, दुपारी या.

फॉर्म-झेरॉक्सवाला
आमच्याकडे शेवटच्या तारखेलाच गाव लोटतं आणि साइट तेव्हाच अडकते. म्हणून कागद आणि फोटो आदल्या दिवशीच घेऊन ठेवतो, फॉर्म पहाटे भरतो. ओटीपीसाठी गिऱ्हाईकाला पहाटे उठवावं लागतं, त्याचे वेगळे पैसे घ्यावेत का?

डबेवाली काकू
घ्या की! आणि किराणावाले भाऊ, रंगपंचमीला गेरच्या (रंगाच्या मिरवणुकीच्या) दिवशी दुकान उघडं असतं का? मला आदल्या दिवशीच बेसन भरून ठेवावं लागेल.

लोकमान्य नगरचा किराणा
बंद. सकाळी शटर आतून लावून मागची खोली आवरतो, वर्षभर त्याला मुहूर्त मिळत नाही. बेसन आजच नेता का?