गर्दी झाली, मग पुढे? फूड ट्रकवाल्यांचे अनुभव

फूड ट्रक सुरू कसा करावा, हे सांगणारे पुष्कळ भेटतात. ट्रक चालायला लागल्यावर, खिडकीसमोर रोज रांग लागल्यावर काय होतं, हे मात्र ज्याचं त्यालाच निस्तरावं लागतं. म्हणून हा धागा. ट्रक चालवत असाल, त्यावर काम करत असाल किंवा करून सोडलं असेल, तर मोकळेपणाने लिहा. सुरुवात मी करते.

पहिल्या वर्षी आम्ही गिऱ्हाइकाची वाट बघत बसायचो. तिसऱ्या वर्षी रांग कोपऱ्यापर्यंत गेली आणि मला वाटलं, आता जिंकलो. पण रांगेतून कंटाळून निघून जाणारी माणसं मला आतून दिसायची. एक दिवस घड्याळ घेऊन बसले. दर ९० सेकंदांनी एक ऑर्डर खिडकीबाहेर जात होती. म्हणजे तासाला ४०, आणि दुपारच्या गर्दीच्या अडीच तासांत १००. रांगेतला विसावा माणूस अर्धा तास उभा. रांग दुप्पट झाली तरी तो शंभराचा आकडा हलत नव्हता.

मी सगळा दोष शेगडीला देत होते. अडत होतं ते खिडकीवर. मेनू वाचण्यात, सुटे पैसे शोधण्यात, ‘यात तिखट कमी करून मिळेल का’ या प्रश्नाला उत्तर देण्यात. मग १४ पदार्थांचे ६ केले. काढलेल्यांपैकी दोन माझ्या आईच्या हातचे होते, ते काढताना फार जड गेलं. मेनूचा फलक रांगेच्या मध्यावर नेऊन ठेवला, म्हणजे खिडकीशी येईपर्यंत माणसाचं ठरलेलं असतं. ९० चे ६५ सेकंद झाले. बाकीचं तुम्ही सांगा.

तळणीवर उभा राहणारा, ७ वर्षं

ताई, सेकंद कमी करताना एक सांभाळा. रांग बघून कढईत दुप्पट माल सोडायचा मोह होतो. तेल १८० अंशांवर असतं, गार माल एकदम पडला की ते झपकन खाली येतं. मग तळायला वेळ जास्त लागतो आणि माल तेल पितो. म्हणजे घाईने घाणा मोठा केला आणि रांग आणखी हळू चालली, वर पदार्थ तेलकट. मी थर्मामीटर कढईलाच लावून ठेवला आहे. तेल परत १७५ च्या वर आल्याशिवाय पुढचा घाणा सोडत नाही, बाहेर कोणी कितीही ओरडो.

पाणी तेलाजवळ आणू देत नाही. तेल पेटलं आणि कोणी घाबरून पाणी ओतलं तर त्याची क्षणात वाफ होते आणि जळतं तेल चहूकडे उडतं. ट्रकमध्ये पळायला दार एकच असतं. तेलाच्या आगीसाठी असतं ते ओल्या रसायनाचं अग्निशामक दाराजवळ ठेवा, कढईमागे नको. आग कढईलाच लागली तर हात तिथे पोचणार नाही.

ट्रकचं वायरिंग, गॅस आणि चाकं सांभाळणारा

बहुतेक जण जनरेटर घेताना सगळ्या उपकरणांच्या वॉटची बेरीज करतात आणि तेवढ्याच क्षमतेचा आणतात. फ्रिजचा कॉम्प्रेसर सुरू होताना काही क्षण नेहमीच्या कित्येक पट वीज ओढतो. त्याच वेळी पाणी तापवायचं यंत्र चालू असेल तर सगळं बंद. आमच्याकडे हे ऐन दुपारी व्हायचं, कारण गर्दीतच फ्रिजचं दार सारखं उघडतं आणि कॉम्प्रेसर पुन्हा पुन्हा चालू होतो. आता पाणी तापवायचं यंत्र काढलं, ते काम गॅसवर करतो.

गॅसबद्दल दोन गोष्टी. सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला की तळाशी साचतो. त्यामुळे हवा जायची भोकं खालीही हवीत, नुसत्या वरच्या पंख्याने भागत नाही. दुसरं, बंद ट्रकमध्ये शेगडी नीट जळत नसेल किंवा जनरेटरचा धूर आत येत असेल तर कार्बन मोनॉक्साइड तयार होतो किंवा साचतो. त्याला वास नसतो. डोकं जड होणं हे थकव्याचं लक्षण समजून आमचा एक मुलगा तसाच काम करत राहिला होता. तो वाचला. दुसऱ्या दिवशी आम्ही अलार्म बसवला.

गृहपाठ न करता उतरलेली, २ वर्षं

पाणी! १५० लिटरची टाकी भरली की १५० किलो वजन वाढतं. अर्धी भरलेली असली तर वळणावर आणि ब्रेक मारताना ते पाणी हिंदकळून गाडी ओढतं. आणि सांडपाण्याची टाकी स्वच्छ पाण्याच्या टाकीपेक्षा मोठी लागते, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. बर्फ वितळतो, उरलेल्या पातळ पदार्थांचं पाणी पडतं, सगळं तिकडेच जातं. पहिल्याच मोठ्या गर्दीत आमची टाकी भरून पाणी खाली फुटपाथवर आलं. ती लाज अजून आठवते. लोक काही बोलले नाहीत, पण शेजारचं दुकान बोललं, आणि त्यांचं बरोबर होतं.

खिडकीवर ऑर्डर घेणारी, ४ वर्षं

मी मालकीण नाही, पगारावर काम करते. इथे कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. ट्रकमध्ये संडास नसतो.

सकाळी ९ ला तयारी, ४ ला शटर खाली. मध्ये जायचं तर कोणाच्या तरी दुकानात विनवणी करायची, तीही रांग सोडून. मग सोपा उपाय म्हणजे पाणीच प्यायचं नाही. शेगड्यांच्या शेजारी, पत्र्याच्या डब्यात, घामाने निथळत असताना. मला एका वर्षात तीनदा मूत्रमार्गाचा संसर्ग झाला. तिसऱ्या वेळी डॉक्टरांनी विचारलं, दिवसाला पाणी किती पिता? मी सांगितलं, तेव्हा त्या काही वेळ नुसत्या बघत राहिल्या.

पाळीच्या दिवसांबद्दल लिहीत नाही, समजून घ्या.

गर्दी नव्हती तेव्हा हे चालून जात होतं, कारण मध्ये वेळ सापडायचा. ट्रक लोकप्रिय झाला आणि तो वेळच गेला. जागा ठरवताना मालक लोक वर्दळ बघतात, सावली बघतात. १०० पावलांत स्वच्छ संडास आहे का, हे बघणारा मला अजून एकच भेटला.

दुसरा ट्रक काढून बंद केलेला

पहिल्यावर गर्दी मावेना म्हणून दुसरा काढला. पाककृती त्याच, सामान तेच, पण पहिल्याच आठवड्यात गिऱ्हाईक म्हणालं, चव ती नाही. खरंच नव्हती. मी मीठ अंदाजाने टाकत होतो. तो अंदाज माझ्या हातात होता, कागदावर कुठेच नव्हता. सगळं ग्रॅममध्ये मोजून लिहायला दोन महिने गेले, तोवर त्या चौकातली माणसं तुटली होती.

आणखी एक चूक सांगतो, कारण ती कोणाच्या तरी पोटात गेली असती. एका पावसाळी दिवशी कोणीच आलं नाही. उरलेली ग्रेव्ही मोठ्या पातेल्यातच फ्रिजमध्ये ठेवली, उद्या वापरू म्हणून. खोल पातेल्याच्या मध्यभागी ती कित्येक तास कोमटच राहते. ५ ते ६० अंशांच्या मधे जंतू भराभर वाढतात, आणि शिजवलेलं अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये म्हणतात ते त्यासाठीच. सकाळी झाकण उघडलं तेव्हा आंबूस वास आला, सगळी फेकली. महिन्याचा नफा गेला असं तेव्हा वाटलं. आता उथळ ट्रेमध्ये ओतून, खाली बर्फ ठेवून आधी गार करतो. आणि पावसाचा अंदाज असेल तर तयारीच निम्मी.

जागेवरून भांडण झालेला

आमचं अन्न चांगलं होतं, परवानाही होता. शेजाऱ्यांनी तक्रार केली ती जनरेटरच्या आवाजाची आणि रांगेमुळे अडलेल्या दाराची. मी आधी चिडलो. मग एका रविवारी त्यांच्या जिन्यात जाऊन उभा राहिलो. खरंच बोलणं ऐकू येत नव्हतं. टोकन सुरू केले, जेणेकरून माणसं दारात न थांबता पलीकडे झाडाखाली थांबतील. जनरेटर आवाज दाबणारा घेतला, हप्ते अजून चालू आहेत. एक आजी आता वरून हात करतात.

धागा काढणारी

खिडकीवरच्या ताई, तुमचं वाचून मी आमच्या मुलींना विचारलं. दोघी पाणी पीत नव्हत्या. मला तीन वर्षांत कळलं नव्हतं, मी त्यांच्यापासून दोन हातांवर उभी असते.

समोरच्या वाचनालयाशी बोलले, त्यांनी होकार दिला. कालपासून दर दोन तासांनी खिडकी १० मिनिटं बंद, फलकावर वेळा लिहिल्या आहेत. काल १३५ च्या जागी ११८ ऑर्डरी गेल्या. रांगेतल्या एका बाईंनी फलक वाचला, आमच्याकडे पाहिलं आणि पिशवी खाली ठेवून थांबल्या.