बाबांना खरं सांगावं का? आणि आईला कसं सावरू?

साताऱ्याची_लेक:
बाबा ७१, एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर झालेत. स्वादुपिंडाचा कॅन्सर, लिव्हरमध्ये पसरलाय. किमो बंद केली, डॉक्टर म्हणाले आता घरी न्या. पण बाबांना आम्ही सांगितलंय की गाठ आटोक्यात आहे, ताकद आली की पुढचा डोस. आईने देवासमोर शपथच घ्यायला लावली सगळ्यांना. दिवसा ठीक असतात, पण तिन्हीसांजा झाल्या की सुरू होतं, चादर चाचपत तिकिटांची पेटी शोधतात, गाडी सुटली म्हणतात, आईवर ओरडतात (आयुष्यात कधी आवाज चढवला नाही हो त्यांनी), आणि मधेच एकदम शुद्धीवर आल्यासारखे "मला सोडवा आता" म्हणतात. परवा माझा हात धरून विचारलं, तू तरी खरं सांग. मी पाणी आणायच्या निमित्ताने उठून गेले.

आई चमच्याने पेज भरवते, ते तोंड फिरवतात, मग ती मोरीत जाऊन रडते. तिची बीपीची गोळी पण मीच आठवण करून द्यायची. आत्या फोनवर सांगते खाल्लं नाही तर ताकद कुठून येणार. आणि मला कधीकधी वाटतं सुटावेत एकदाचे, आणि मग स्वतःचीच किळस येते. काय करू?

होमकेअर_सिस्टर:
ताई, सांगायचं की नाही ते नंतर, आधी ते संध्याकाळचं बघा. हे बहुतेक डिलिरियम आहे, म्हणजे ते रागावलेले नाहीयेत, मेंदू गोंधळलाय. लिव्हरमुळे होतं, इन्फेक्शनने होतं, आणि अगदी साध्या कारणाने पण होतं, शौचाला किती दिवस झालं नाही? लघवी तुंबलीय का? ओटीपोट फुगलेलं असेल तर आजच डॉक्टरांना फोन करा. मॉर्फिन (दुखण्यावरचं जोरदार औषध) चालू असेल तर सोबत पोट साफ व्हायचं औषध रोज लागतंच, घरोघरी नेमकं तेच राहून जातं. आणि शेजारच्यांनी दिलेली झोपेची गोळी मनाने देऊ नका, तिने गोंधळ वाढू शकतो. खोलीत लाइट राहू दे, चष्मा लावा, घड्याळ दिसेल असं ठेवा. पेटी शोधतायत तर "कुठली पेटी, तुम्ही रिटायर झालात" असा वाद घालू नका, हात धरा, नाव सांगा.

"सोडवा" म्हणाले की विषय बदलू नका. "कशाचा सगळ्यात जास्त त्रास होतोय?" विचारा. पुष्कळदा उत्तर दुखणं असतं, आणि दुखण्यावर उपाय आहे. औषधं मात्र कुलपात ठेवा.

भाऊसाहेब_६२:
माझं मत वेगळं आहे. सांगून काय मिळणार? माणूस धसक्यानेच जातो. आमच्या मोठ्या भावाला कळलं आणि त्यांनी त्या दिवसापासून भिंतीकडे तोंड केलं. आईंचं ऐका, ४५-५० वर्षांचा संसार आहे, नवऱ्याला त्या तुमच्यापेक्षा जास्त ओळखतात.

कोथरूडची_सून:
भाऊसाहेब, न विचारता कुणाच्या अंगावर बातमी टाकू नये हे १०० टक्के मान्य. पण इथे बाबा स्वतः विचारतायत ना. माझ्या सासूबाईंना पण आम्ही असंच गुंडाळत होतो, एक दिवस त्यांनी शांतपणे कपाटाची किल्ली दिली आणि बांगड्या कोणाला कुठल्या ते सांगितलं. म्हणजे त्यांना सगळं माहीत होतं, आम्हाला त्रास नको म्हणून त्या पण नाटक करत होत्या! दोन्हीकडून नाटक, आणि खोलीत बोलायला फक्त पंखा आणि डास एवढेच विषय. लेकीताई, लगेच काही सांगू नका, उलट विचारा, "बाबा, तुम्हाला काय वाटतंय?" ते जेवढं विचारतील तेवढंच. आणि हे आईच्या पाठीमागे करू नका, डॉक्टरांसमोर आईला घेऊन बसा.

आत्याचा फोन तुम्हीच घ्या, आईला देऊच नका 🙏

साताऱ्याची_लेक:
शौचाला पाच दिवस झालं नाहीये. कुणी विचारलंच नव्हतं. आत्ताच डॉक्टरांना फोन केला, ते संध्याकाळी येतायत. पण खाण्याचं काय? आईला वाटतं आपण उपाशी मारतोय.

होमकेअर_सिस्टर:
या टप्प्यावर शरीरच अन्न मागत नाही, न खाल्ल्यामुळे आजार वाढत नाही, आजारामुळे खाणं सुटतं. हे आईंना डॉक्टरांच्या तोंडून ऐकवा, मुलीचं पटत नाही. जबरदस्तीने भरवलं तर ठसका लागून छातीत जाऊ शकतं. भरवण्याऐवजी दुसरं काम द्या त्यांना, ओल्या कापसाने ओठ पुसणं, तळपायाला तेल. हातांना काम लागतं हो.

सुटावेत वाटणं जवळजवळ प्रत्येक घरात ऐकते मी, बहुतेक जण फक्त दाराबाहेर चप्पल घालताना हळूच सांगतात. रात्री अगदीच सहन झालं नाही तर टेलिमानस या मानसिक आधाराच्या हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहे, सरकारी, फुकट, २४ तास, मराठीत बोलतात, पेशंटचेच नाही तर घरच्यांचे पण फोन घेतात.

घरी झेपेना तर पुण्यात वारज्याला सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर (म्हणजे बरं करण्यापेक्षा त्रास कमी करणारी काळजी) सेंटर आहे, १९९७ पासून, कॅन्सर पेशंटना मोफत, घरचं माणूस सोबत राहतं. हायवेलाच आहे, तुम्हाला साताऱ्याहून सोपं. आधी फोन करून जा, फाईल आणि शेवटचा स्कॅन बरोबर न्या. मॉर्फिन तिकडूनच लिहून घ्या, २०१४ ला अमली पदार्थांचा कायदा सुधारला तरी साध्या मेडिकलमध्ये मिळत नाही ते, मान्यताप्राप्त ठिकाणीच मिळतं.

कोथरूडची_सून:
आणि रात्रीच्या पाळ्या लावा. भाऊ असेल तर त्याला सुट्टी टाकायला सांगा, नुसता जीपे नको.

साताऱ्याची_लेक:
भाऊ दुबईला आहे 😐 चुलतभावाला विचारते. आईला शनिवारी डॉक्टरांकडे नेते, मग सांगते इथे.