निवृत्तीनंतरची अठ्ठेचाळीस वर्षे: प्रा. धोंडो केशव कर्वे यांच्याविषयी एक प्रश्न

सदाशिवपेठकर:
येत्या १८ एप्रिलला आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात महर्षी कर्वे यांच्यावर मला पाऊण तास बोलायचे आहे. समोर बसणारे बहुतेक जण निवृत्त शिक्षक, बँकेतले आणि सरकारी नोकरीतले असल्यामुळे अण्णांच्या निवृत्तीनंतरच्या आयुष्यावर भर द्यावा, असे मनात आहे. १८५८ साली जन्मलेले अण्णा १९१४ मध्ये फर्ग्युसन महाविद्यालयातील गणिताच्या अध्यापनातून निवृत्त झाले आणि त्यानंतर ९ नोव्हेंबर १९६२ पर्यंत, म्हणजे आणखी ४८ वर्षे जगले. महिला विद्यापीठ, परदेशांतील दौरे, खेड्यांतल्या शाळा, समता संघ हे सारे याच काळातले. म्हणून टिपणाचे पहिलेच वाक्य मी असे लिहिले आहे: ‘अण्णांचे खरे कार्य निवृत्तीनंतर सुरू झाले.’ हे वाक्य जाणकारांच्या कसोटीला उतरेल का? नसेल, तर ते नेमके कोठे चुकते, हे कृपया सांगावे.

गणिताचा शिक्षक:
माझ्या मते हे वाक्य काढून टाकावे. गोपाळ कृष्ण गोखले यांच्या बोलावण्यावरून अण्णा १८९१ मध्ये फर्ग्युसनमध्ये आले. ११ मार्च १८९३ रोजी त्यांनी पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकणाऱ्या विधवा गोदूबाईंशी पुनर्विवाह केला आणि त्यापायी कोकणातल्या आपल्या मुरुड गावच्या लोकांचा बहिष्कार सोसला. विधवांच्या आश्रमासाठी काढलेली अनाथ बालिकाश्रम मंडळी १८९६ मधली आणि महिला विद्यालय १९०७ मधले. म्हणजे दोन्ही नोकरीत असतानाच उभी राहिली. पुण्यातल्या प्लेगमुळे १९०० साली आश्रम शहराबाहेर हिंगण्याच्या माळावर हलवावा लागला, तेव्हा दिवसभर वर्गात गणित शिकवून संध्याकाळी लागेल ते सामानसुमान घेऊन हा प्राध्यापक हिंगण्याची वाट पायी तुडवत असे, तिथल्या मुलींना शिकवत असे आणि सकाळी पुन्हा कॉलेजात हजर होत असे. मी स्वतः तीस वर्षे शिकवले आहे. चार तास फळ्यासमोर उभे राहिल्यावर अंगात काय उरते ते मला ठाऊक आहे, म्हणून ही पायपीट मला विद्यापीठाच्या स्थापनेइतकीच मोठी वाटते. निवृत्तीने अण्णांच्या दिवसातले फक्त कॉलेजचे तास कमी केले. काम तेच राहिले आणि ते त्या मोकळ्या वेळात पसरले.

हिंगण्याची माजी विद्यार्थिनी:
वरील प्रतिसादाशी मी सहमत आहे, मात्र १९१४ या वर्षाचे महत्त्व अगदी पुसून टाकू नये. जपानमधील महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका वाचून अण्णांच्या मनात जी कल्पना रुजली, ती त्यांनी १९१५ मध्ये मुंबईच्या सामाजिक परिषदेत अध्यक्ष म्हणून मांडली आणि पुढच्याच वर्षी महिला विद्यापीठ सुरू केले. कॉलेजच्या पहिल्या वर्गात पाच विद्यार्थिनी होत्या. शिक्षण मातृभाषेतून आणि इंग्रजी हा सक्तीचा विषय, ही रचना त्या काळात पुष्कळांना पटली नव्हती. विठ्ठलदास ठाकरसी यांनी १९२० मध्ये पंधरा लाखांची देणगी जाहीर केली आणि विद्यापीठाला त्यांच्या आईचे, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे नाव मिळाले. परंतु कायद्याने मान्यता मिळायला १९५१ साल उजाडले.

या मधल्या काळाची किंमत विद्यार्थिनींनी मोजली आहे. माझी थोरली आत्या तिथली ‘गृहीतागमा’ होती, पदवीधर स्त्रीसाठी विद्यापीठाने योजलेला तो शब्द. एका कार्यालयात नोकरीसाठी गेली असता, ही पदवी आम्ही धरत नाही, असे तिला तोंडावर सांगण्यात आले. ती परत आली, एका शाळेत लागली आणि तिने आयुष्यभर शिकवले. ते पदवीपत्र तिने चौकटीत बसवून देवघराशेजारच्या भिंतीवर लावले होते. अण्णांविषयी बोलताना या पहिल्या मुलींच्या धैर्याविषयीही बोलावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. आणि आनंदीबाईंना, म्हणजे लग्नापूर्वीच्या गोदूबाईंना, एका वाक्यात आटोपू नये. घर चालवणे, आश्रमासाठी वर्गणी मागत हिंडणे हे त्यांनी वर्षानुवर्षे केले, आणि ‘माझे पुराण’ या आत्मचरित्रात संसारातली ओढाताण मोकळेपणाने लिहिली. त्यांची बहीण पार्वतीबाई आठवले यांचा आश्रमाच्या उभारणीतला वाटाही मोठा आहे.

दापोलीकर:
मी मुरुडच्या पंचक्रोशीतला असल्यामुळे एक गोष्ट जोडतो. वयाच्या सतराव्या वर्षी परीक्षेला बसता यावे म्हणून अण्णा मुरुडहून डोंगर-घाट ओलांडत साताऱ्यापर्यंत चालत गेले, आणि वयाने लहान दिसतो एवढ्या कारणावरून त्यांना परत पाठवले गेले. पुढे १९२९ मध्ये, सत्तरी उलटल्यावर, ते युरोप, अमेरिका आणि जपानच्या दौऱ्यावर निघाले, विद्यापीठाविषयी बोलत आणि निधी गोळा करत फिरले. परत आल्यावर वर्ष संपायच्या आत आफ्रिकेला गेले आणि तेथील भारतीयांच्या वस्त्यांतून सुमारे पंधरा महिने हिंडले. ही दोन्ही चित्रे शेजारी ठेवली की माणूस कळतो.

१९३६ मध्ये, ७८ व्या वर्षी, ज्या खेड्यांत शाळाच नव्हती तिथल्या मुलांसाठी त्यांनी महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ काढले. १९४४ मध्ये, ८६ व्या वर्षी, जातिभेद नाहीसा व्हावा म्हणून समता संघ स्थापन केला. विद्यापीठाला नाव आणि पैसा मिळाल्यावर तिथेच मानाने बसून राहता आले असते. त्याऐवजी त्यांनी पुन्हा अगदी लहान रकमांची वर्गणी मागायला सुरुवात केली. १९५८ चे ‘भारतरत्न’ आणि त्याच वर्षीचे टपाल तिकीट सर्वांना माहीत असते, त्यावर फार वेळ घालवू नये.

सदाशिवपेठकर:
सर्वांचा मनापासून आभारी आहे. ते वाक्य मी काढले. आता सुरुवात साताऱ्याच्या पायपिटीने करतो, तिथून हिंगण्याच्या वाटेवर येतो आणि १९१४ हे साल वाटेत लागेल तेव्हाच सांगतो. आनंदीबाई आणि पार्वतीबाई यांच्यासाठी दहा मिनिटे राखून ठेवली आहेत. ताई, आपल्या आत्यांच्या त्या पदवीपत्राचा उल्लेख नाव न घेता केला, तर चालेल का?

हिंगण्याची माजी विद्यार्थिनी:
अवश्य करावा. ते पदवीपत्र आता माझ्याकडे आहे. कडेने थोडी वाळवी लागली आहे, पण ‘गृहीतागमा’ हा शब्द अजून स्वच्छ वाचता येतो. सभेत दाखवायचे असल्यास मी स्वतः घेऊन येईन.