घोड्यावरचे गोचीड फवारणीनंतरही परत का दिसतात?

प्रश्न
घोड्याच्या कानात, आयाळीच्या मुळाशी, शेपटीखाली आणि मांडीच्या आतल्या बाजूला गोचीड आहेत. डेल्टामेथ्रिन हे गोचीडनाशक (१ मिलीत १२.५ मिग्रॅ) लिटरभर पाण्यात २ मिली घालून पाठीपोटावर फवारलं. आठवड्यात पुन्हा तेवढेच. मात्रा वाढवू, की गुरांचं अमिट्राझ वापरू?

प्रतिसाद १
अमिट्राझ अजिबात नको! घोड्याच्या आतड्यांची हालचाल त्याने मंदावते, लीद आत साचते आणि पोटशूळ जिवावर बेततो. अमिट्राझ कालवलेला पंपही घोड्यासाठी घेऊ नका.

प्रतिसाद २
तुमचं मिश्रण २५ पीपीएमचं (लिटरमागे २५ मिग्रॅ औषध) आहे, म्हणजे ठीक. लेबलवर घोडा आणि त्याची मात्रा दिली आहे का, ते मात्र तपासा. गोचीड आहेत तिथे औषध पोचलंच नाही, खरी अडचण ती आहे. आधी खरारा करून धूळ काढा. केस उलटे फिरवत कातडी भिजेपर्यंत फवारा. मोठ्या घोड्याला ३-४ लिटर सहज लागतात. पाणी स्वच्छ हवं, कारण गढूळ पाण्यातल्या मातीला औषध चिकटून बसतं. कालवलेलं त्याच दिवशी संपवा. घामेजल्या अंगावर किंवा भर उन्हात फवारू नका, आणि अंग पूर्ण वाळल्याशिवाय खोगीर नको, खाली कातडी पोळते. कानात फवारा मारायचा नाही. हातमोजे घालून बोळा भिजवा, घट्ट पिळा आणि कानाच्या पाळीच्या आतून फिरवा.

प्रतिसाद ३
वरचं बरोबर, पण निम्मं काम तबेल्यात आहे. रक्त पिऊन टम्म झालेली मादी गळून पडते आणि भेगांत हजारो अंडी घालते. अंगावरचं औषध तिथे जात नाही. जुनं अंथरूण काढा, भेगा बुजवा. मग घोडा बाहेर बांधून, गव्हाण झाकून भिंतींचा खालचा भाग फवारा. लेबलवर वेगळं अंतर नसेल, तर १४ दिवसांनी घोडा आणि तबेला दोन्ही एकाच दिवशी पुन्हा. उरलेलं औषध ओढ्यात ओतू नका, मासे मरतात.

मेलेला गोचीडही एक-दोन दिवस चिकटून राहतो, म्हणून तिसऱ्या दिवशी चिमट्याने काढून बघा. नीट भिजलेल्या जागचे गोचीड तरीही पाय हलवत असतील, तर औषधाला दाद देत नाहीत असं समजा. तेव्हा सायपरमेथ्रिन आणून उपयोग नाही, तेही त्याच गटातलं. वेगळ्या गटाचं औषध पशुवैद्यांना विचारूनच.

प्रतिसाद ४
ताप, पिवळट हिरड्या किंवा लालसर लघवी दिसली तर फवारणीत वेळ घालवू नका. बॅबेसिया किंवा थायलेरिया (गोचिडांमुळे पसरणारे रक्तातले परजीवी) आहेत का, त्यासाठी त्याच दिवशी रक्त तपासा.